सातवेकरांच्या घरचं दूध

एस्तेर सातवेकरला मुलगा झाला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि दहाव्या दिवशी तिच्या अंगात ताप भरला. ताप दुधाचा होता. छाती दगडासारखी घट्ट झालेली, बाळाला जवळ घेतलं की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आणि बाळ आपलं चार घोट प्यायचं की झोपलं. उरलेलं दूध जाणार कुठं? गाऊन, टॉवेल, चादर, सगळं भिजून जायचं.

"आमच्या तांबूला असंच व्हायचं," एस्तेरची आई म्हणाली. तांबू म्हणजे त्यांची गाय.

रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माहेर चंदगडच्या पार पलीकडे, डोंगरात. अवघडलेल्या बाईला घेऊन तिथून मोठा दवाखाना गाठायचा म्हणजे अर्धा दिवस जायचा. म्हणून लेक माहेरी गेली नाही, आईच लेकीच्या सासरी उचगावला येऊन राहिली. येताना तिनं तांदळाचं पोतं, काजूची पिशवी आणि आपली सगळी मतं बरोबर आणली होती.

सासूबाई करुणाबाई मात्र गायीची गोष्ट ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी मिशनच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली होती. त्यांनी एस्तेरच्या कपाळाला हात लावला आणि मुलाला हाक मारली. "राजवर्धन, रिक्षा बघ. हे घरच्या शेकानं जायचं न्हाय."

दवाखाना दसरा चौकाच्या पलीकडे होता. तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टर शिवलीला मॅडम बाळंतिणींच्या दुधाच्या तक्रारीही बघायच्या. त्यांनी एस्तेरला औषध दिलं आणि नर्सला पंप लावायला सांगितलं. पंप चालू झाला तशी एस्तेरला दहा दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकवावीशी वाटली. बघता बघता बाटली भरली. नर्सनं ती बेसिनमध्ये ओतली, धुतली आणि परत लावली.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बाहेर डॉक्टर कुणाशी तरी बोलत होत्या.

"खिजर, पावडरचं दूध तिला पचत नाही. पोट फुगतंय. बाराशे ग्रॅमचं बाळ आहे, तिला आईचंच दूध पाहिजे."

"पर मॅडम, तिची आई अजून शुद्धीवर न्हाय," एका तरुण माणसाचा आवाज आला. "आईचं दूध आणायचं कुठनं?"

"दूधपेढीला मी कालपासून फोन करतेय. त्यांच्याकडं आत्ता शिल्लक नाही. मिळालं की पाठवतील."

एस्तेरनं मान वळवली. दुसरी बाटली भरली होती आणि नर्स ती घेऊन बेसिनकडं निघाली होती.

"सिस्टर, थांबा," एस्तेर म्हणाली. "ओतू नका ते."

करुणाबाईंनी सुनेकडं बघितलं. उठून त्यांनी दार पुरतं उघडलं आणि डॉक्टरांना आत बोलावलं.

डॉक्टरांनी घाई केली नाही. एस्तेरच्या रक्ताच्या तपासण्या परत करायच्या, त्यांचा अहवाल आला की मगच दूध घ्यायचं, ते इथं तापवून निर्जंतुक करायचं, आणि दोन्ही घरांची लेखी संमती पाहिजे, असं त्यांनी एकेक करून सांगितलं. "आणि एस्तेर, तुमच्या बाळाचं पोट आधी. उरलं तरच."

मग त्या तिला बाहेरच्या बाकड्याकडं घेऊन गेल्या. तिथं साठीतली एक बाई डोक्यावरून ओढणी घेऊन तसबीचे मणी ओढत बसली होती. ही खिजरची आई, शमशाद. तिची सून जोया हिला सातव्या महिन्यातच रक्तदाब चढून झटके आले होते. ऑपरेशन करून मुलगी काढावी लागली. सून वरच्या मजल्यावर आयसीयूत, नात खाली काचेच्या पेटीत, आणि शमशाद चार दिवस दोन्ही मजल्यांच्या मधल्या जिन्यावर चढ-उतार करत होती.

तिनं डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि एस्तेरकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नाव काय गं तुझं?"

"एस्तेर. एस्तेर सातवेकर."

"म्हंजे ख्रिश्चन व्हय?"

"व्हय."

तसबीचे मणी थांबले. एस्तेरला वाटलं, झालं, आता ही नको म्हणणार. उगीच पुढं पुढं केलं आपण.

"त्या दूधपेढीचं असतं तर कुणाचं हाय ते कळलं असतं काय?" शमशादनं डॉक्टरांना विचारलं.

"नाही. तिथं नाव सांगत नाहीत."

"मग हेच बरं." शमशादनं तसबी मांडीवर ठेवली. "हे बग पोरी. आमच्यात दूध पाजलं म्हंजे नातं लागतं. तू तिची दूधआई हुणार, आनी तुझा ल्योक तिचा भाऊ. उद्या तिचं लगीन निघालं तर तुला बोलवाय लागंल, आनी तुला याय लागंल. पुन्हा तुम्ही कुटले, आम्ही कुटले म्हणून चालायचं न्हाय. कबूल हाय?"

एस्तेरला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. तापात असंच होतं.

"कबूल हाय की," ती म्हणाली.

घरी मात्र हे ऐकून आईनं कमरेवर हात ठेवले.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी न्हाई. त्या बेसिनमध्ये ओतताना बघितलं आणि मला लाज वाटली."

"अगं, दहा दिवसांचं लेकरू तुझं! शेजाऱ्यावर प्रीती कर म्हणून मलाबी ठाऊक हाय, मीबी देवळात जाते. पर लेकराच्या तोंडचं काढून द्या, असं प्रभूनं कुटंबी सांगितलेलं न्हाय."

"सांडून टाका असंबी सांगितलेलं न्हाय," करुणाबाई ताटं मांडता मांडता म्हणाल्या.

आईचा विहिणीपुढं इलाज नव्हता. पण संध्याकाळच्या घरप्रार्थनेत तिनं आपला मुद्दा सोडला नाही. सगळ्यांनी त्या काचेतल्या मुलीसाठी प्रार्थना केली, आईनंही केली. आणि त्यानंतर आपल्या नातवासाठी, शालोमसाठी, चांगली मोठ्यानं दोनदा केली. देवाचा काही गैरसमज व्हायला नको.

अहवाल चांगला आला आणि दुसऱ्या दिवसापासून सातवेकरांच्या घरात नवा व्यवहार सुरू झाला. दवाखान्यानं निर्जंतुक बाटल्या दिल्या. करुणाबाई प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ लिहायच्या. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडून थर्माकोलचा डबा आणला, त्यात बर्फ. राजवर्धन शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर होता. त्याची पाळी सातला सुरू व्हायची. सकाळी सव्वासहाला तो डबा मोटरसायकलच्या टाकीवर, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून निघायचा, दसरा चौकाच्या पलीकडे जायचा, तिथून उलटा फिरून कामावर. दुपारी पाळी सुटली की परत एक फेरी.

तिसऱ्या दिवशी कावळा नाक्यावर ट्रॅफिकच्या हवालदारानं त्याला हात केला.

"काय हाय डब्यात?"

"दूध हाय साहेब."

"किती लिटर?"

"दोनशे मिली."

हवालदारानं डब्याकडं बघितलं, मग राजवर्धनकडं. "दोनशे मिली दुधाला एवढा बर्फ? कसली म्हैस हाय तुझी?"

"म्हैस न्हाय साहेब," राजवर्धन म्हणाला. "बायको हाय."

शेजारी सिग्नलला थांबलेला रिक्षावाला एवढ्या जोरात हसला की त्याचा हॉर्न वाजला. हवालदाराला मात्र कळेना, हा चेष्टा करतोय की काय. राजवर्धननं कान लाल होऊन सगळी हकीकत सांगितली. मोबाइलवरचा दवाखान्याचा कागद दाखवला. हवालदारानं तो शेवटपर्यंत वाचला.

"पावणं, मग हितं काय उभारलाय?" तो एकदम ओरडला. "दूध नासंल की! चला, सुटा!" आणि त्यानं शिट्टी मारून समोरचा ट्रक अडवला.

त्यानंतर तो हवालदार ड्यूटीवर असला की राजवर्धनला बघून लांबूनच विचारायचा, "पोरगी कशी हाय?" राजवर्धन वजनाचा आकडा ओरडून सांगायचा, "तेराशे दहा!" आजूबाजूच्या लोकांना वाटायचं, हा सोन्याचा नाहीतर गुळाचा भाव सांगतोय.

मुलीचं फुगलेलं पोट उतरलं. थेंबाथेंबानं नळीतून दिलेलं दूध तिला पचायला लागलं. दूध सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी जोया शुद्धीवर आली, पण तिला बसवत नव्हतं, रक्तदाब खालीवर होत होता आणि दुधाचं नाव नव्हतं.

दवाखान्यातून राजवर्धन कधी रिकामा परतायचा नाही. शमशाद त्याच्या हातात स्टीलचा डबा द्यायची. त्यात हरीरा असायचा, बदाम, खारीक, सुंठ, तूप घालून आटवलेला. "तिला म्हणावं, गरम करून पी. लाजू नको." खिजरचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. एकदा राजवर्धन आत बाटल्या द्यायला गेला आणि बाहेर आला तर त्याच्या मोटरसायकलचं सीटच नाही. खिजर ते काढून घेऊन गेला होता. अर्ध्या तासात नवं कव्हर चढवून परत आणलं, काळ्या रेक्झिनवर लाल शिलाई. राजवर्धनला त्या दिवशी कामावर उशीर झाला, पण फाउंड्रीतली चार पोरं येऊन सीटवर बसून गेली.

असे बारा-तेरा दिवस गेले. मग शालोमची भूक वाढली.

तोवर तो पिऊन झोपणारा गुणी मुलगा होता. आता तासातासाला रडायला लागला, प्यायला की परत मागायचा. आणि एस्तेरच्या बाटलीत दूध कमी यायला लागलं. आधी दोन बाटल्या सहज भरायच्या. त्या दिवशी अर्धा तास पंप लावून तळाला साठ मिली जमलं. शालोम मांडीवर हातपाय झाडत रडत होता. एस्तेर बाटलीकडं बघत राहिली आणि तिलाही रडू फुटलं.

"पुरे आता," आई म्हणाली. तिचा आवाज या वेळी भांडणाचा नव्हता, म्हणून एस्तेरला जास्त लागला. "तू लई केलंस. कुणी नाव ठेवणार न्हाय. उद्या मीच जाऊन सांगते त्यास्नी."

एस्तेरनं तिला अडवलं नाही. खरं तर आईनं जाऊन सांगावं असं तिला आतून वाटत होतं. आपल्याला सांगायला लागू नये, एवढंच.

सकाळी आई राजवर्धनच्या मागं मोटरसायकलवर बसली. मांडीवर थर्माकोलचा डबा, डब्यात साठ मिलीची एकच बाटली. वाटेत तिनं मनात वाक्यं जुळवली. आमचं लेकरूबी लहान हाय. तुमी राग मानू नगा. आमी प्रार्थना करत राहू.

राजवर्धन तिला आत सोडून बाटली द्यायला गेला. नर्सनं आईच्या अंगावर हिरवा झगा चढवला, हात धुवायला लावले आणि काचेच्या खोलीत नेलं. तिथं आरामखुर्चीत शमशाद मागं रेलून बसली होती. झग्याच्या आत, तिच्या उघड्या छातीशी, ते बाळ कापडानं बांधलेलं होतं. आईच्या अंगाची ऊब मिळाली की अशी बाळं लवकर सुधारतात. जोया वर पडून, म्हणून आजी बसली होती. रोज सकाळी चार तास, न हलता.

कापडातून एवढासा हात बाहेर आला होता. आईनं वाकून बघितलं. मूठ मिटलेली होती. काजूच्या बीएवढी, तसाच बाक असलेली. आईच्या घरासमोर काजूची सत्तर झाडं होती. एवढी बी ती झाडाखालून उचलायला वाकलीही नसती, बारीक म्हणून सोडून दिली असती.

"तुमी एस्तेरची आई न्हवं?" शमशादनं हळू विचारलं. बाळ जागं होऊ नये म्हणून ती ओठांतल्या ओठांत बोलत होती. "बसा. मला उठाय येत न्हाय, माफ करा. तुमचा नातू कसा हाय?"

"बरा हाय."

"त्याला पुरतंय न्हवं?" शमशादचा चेहरा काळजीनं आवळला. "कालपासनं बाटल्या कमी आल्यात. मी म्हटलं डॉक्टरीनबाईला, त्या पोराचं पोट मारून आमाला नगो. आदी त्याचं. खरं सांगा ताई. पुरत नसंल तर आजपासनं बंद करू. आमचं अल्ला बगंल. तुमच्या पोरीनं वाचीवली हिला, आता वजन चढाय लागलंय. मी तिला जलमभर दुवा देईन. पर त्या लेकराचं पोट मारू नगासा."

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं आईच्या तोंडाशी होती. जी ती सांगायला आली होती, तीच शमशाद तिला सांगत होती.

"पुरतंय की!" आई म्हणाली. "पुरतंय म्हंजे काय, उरतंय! कालपासनं जरा कमी आलं, ते माझ्यामुळं. मी तिला खायालाच बरोबर घातलं न्हाय."

घरी आल्या आल्या आईनं चपला दारात भिरकावल्या. "अळीव हाय का घरात? मेथी? शेवगा कुणाच्या दारात हाय हितं?"

"काय सांगून आलीस तू?" एस्तेरनं विचारलं.

"सांगून आले की उरतंय. आता उरवाय लागंल." आई चूल पेटवल्यासारखी गॅसकडं धावली. "दोन लेकरांची आई हाईस तू. एका माणसाचं खाऊन कसं भागंल?"

करुणाबाईंनी तोवर शेजारच्या अंगणवाडीतून काटा मागून आणला होता. त्यांनी शालोमला त्यात झोपवलं. जन्मापासून तो पाऊण किलोनं वाढला होता. "रडतोय ते भूक वाढली म्हणून, उपाशी हाय म्हणून न्हाय," त्या म्हणाल्या. मग त्या एस्तेरच्या शेजारी खाटेवर बसल्या.

"हे बघ एस्तेर. आजवर तू वर आलेलं दिलंस. ते देणं सोपं असतं. आता हितनं पुढं पाजून झाल्यावर परत पंप लावायला लागंल, पहाटेचं उठायला लागंल. तेव्हा कुठं दूध वाढंल. तुझी झोप जाणार, अंग दुखणार. न्हाई म्हणालीस तरी मी तुला एका शब्दानं बोलणार न्हाय. तुझं तू ठरव."

एस्तेरनं लग्नाआधी सहा वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं होतं. येशूची प्रीती हा तिचा आवडता पाठ. त्यासाठी ती रंगीत कागदाची हृदयं कापायची आणि मुलांना चिकटवायला द्यायची. मुलं गाणं म्हणायची, खाऊ घेऊन घरी जायची. त्या पाठात पहाटे चारला उठून सुजलेल्या छातीला पंप लावण्याचा विषय कधी निघालाच नव्हता. तिला वाटलं, आपण सहा वर्षं मुलांना फक्त कागदच कापून दिले की काय. आणि मग तिला येशूचीच आठवण झाली, त्यानं काही वरवरचं आणि उरलेलं दिलं नव्हतं, आणि कुणाला दिलं हेही मोजत बसला नव्हता.

तिनं काट्यातल्या शालोमला उचललं.

"चारचा गजर लावा मम्मी," ती सासूबाईंना म्हणाली. "मला उठवलं न्हाई तर जाग येणार न्हाई."

पुढचे दोन-अडीच आठवडे त्या घरात खाण्याचा नुसता धुमाकूळ होता. आई अळिवाची खीर करायची, तर दवाखान्यातून हरीरा यायचा. आईनं मेथीचे लाडू वळले, तर शमशादनं खोबरं-खसखशीचे पाठवले. आईनं त्यातला एक फोडून बघितला, खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या लाडवात काजू दुप्पट घातले. "चंदगडचं काय असतं ते कळू दे त्यास्नी," म्हणून डबाभर तिकडंही पाठवले. राजवर्धन दोन्हीकडचे डबे वाहून वाहून म्हणाला, "फाउंड्रीत एवढी मालवाहतूक न्हाय." एस्तेर पहाटे डोळे मिटूनच पंप लावायची, करुणाबाई शेजारी बसून बाटली धरायच्या आणि हळू आवाजात गीत म्हणायच्या, ते गीत संपायच्या आत बहुतेक वेळा एस्तेर बसल्या बसल्या झोपलेली असायची. पण चौथ्या दिवशी शंभर मिली आलं, आठवड्यानं एकशे ऐंशी. शालोमचे गाल लोंबायला लागले.

कावळा नाक्यावर राजवर्धन ओरडायचा, "पंधराशे चाळीस!" आणि एक दिवस, "साहेब, सतराशे!" त्या दिवशी हवालदारानं टोपी काढून हलवली.

जोयालाही हळूहळू दूध आलं. पहिल्या दिवशी चमचाभर, मग वाटीभर. दवाखान्यात छत्तीस दिवस काढून मुलगी घरी गेली. नाव ठेवलं इनाया. एस्तेरनं एवढ्या दिवसांत तिला फक्त मोबाइलवर बघितलं होतं. बाळंतिणीनं थंडीत मोटरसायकलवर बसायचं नाही, या एका गोष्टीवर तिची आई आणि सासू दोघींचं एकमत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सातवेकरांनी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली. चर्चच्या मंडळीतली वीस-पंचवीस माणसं आली, पाळकसाहेब आले. शमशादच्या घरच्यांना बोलावणं होतंच. जेवणाचं मटण राजवर्धननं खिजरला बरोबर नेऊन त्याच्या ओळखीच्या दुकानातून आणलं होतं, म्हणजे पाहुण्यांना हलाल आहे का असं विचारायला लागू नये. तांबडा-पांढरा दोन्ही रस्से राजवर्धन सकाळपासून स्वतः करत होता आणि कुणाला पातेल्याजवळ येऊ देत नव्हता.

रिक्षा दारात थांबली. आधी शमशाद उतरली, मग खिजर, आणि मग त्याचा हात धरून एक बारीक, निमगोरी मुलगी, दुपट्यातलं बाळ छातीशी धरून. एस्तेर दारात उभी होती. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. जवळजवळ दीड महिना या दोघींच्या घरांत रोज ये-जा होती आणि त्या मात्र पहिल्यांदाच भेटत होत्या.

जोयानं काही न बोलता इनायाला एस्तेरच्या हातात दिलं. एस्तेरनं दुपटं बाजूला केलं. मुलीनं जांभई दिली आणि तिच्याकडं मोठ्या माणसासारखं रोखून बघितलं.

प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी दोन्ही बाळांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद मागितला. आधी त्यांनी शमशादला विचारलं, चालेल का म्हणून. "दुवाला कोण नगो म्हणतंय?" शमशाद म्हणाली. मग तिनं घसा साफ केला. "पर साहेब, एक गोष्ट आत्ताच सगळ्यांच्या कानावर घालते. ही दोगं आता दूधभाऊ-भैन झाली. ह्यांचा निकाह हुनार न्हाय. पुढं कुणी विषय काढायचा न्हाय."

पाळकसाहेबांनी दीड महिन्याच्या शालोमकडं बघितलं. तो तोंडात मूठ घालून लाळ गाळत होता. "आम्हीही अजून तसं काही ठरवलं नव्हतं," ते गंभीरपणे म्हणाले, आणि खोलीभर हशा उसळला.

पंगत बसली तेव्हा एस्तेर आतल्या खोलीत जोयाशेजारी टेकली.

"तुमाला एक सांगू काय?" जोया खाली बघत म्हणाली. "शुद्धीवर आल्यावर अम्मीनं मला सांगितलं, पोरीला एका बाईचं दूध चालू हाय. सगळे तुमचं कौतुक करत हुते. आनी मला तुमचा राग आलता. लई राग. माझी पोरगी, आनी तिनं आदी दुसरीचं दूध प्यायलं. मी भिताडाकडं तोंड करून रडले हुते. आता लाज वाटती सांगायची."

"राग येणारच की," एस्तेर म्हणाली.

एवढ्यात बाहेरून राजवर्धननं हाक मारली. वाढायला हात कमी पडत होते. एस्तेर शालोमला जोयाजवळ ठेवून भाकरीची चळत घेऊन गेली. तिकडं एकाला रस्सा, एकाला कांदा करता करता पाच-दहा मिनिटं गेली. आत शालोमनं भोकाड पसरलेलं तिला ऐकू आलं, आणि ती हात धुऊन येईपर्यंत ते एकदम थांबलंही.

ती दारात आली. जोयानं पदर घेतला होता आणि पदराखालून शालोमचे जाड पाय बाहेर आले होते.

जोया दचकली. "लई रडत हुता. मला ऱ्हावलं न्हाय. औषधं बंद झाल्यात माझी, डॉक्टरीनबाईंनी सांगितलंय चालतंय म्हणून. विचारायला पायजे हुतं तुमाला."

एस्तेर उंबऱ्यातच थबकली. आपला मुलगा, आणि तो दुसरीच्या मांडीवर असा निवांत, डोळे मिटून. भिंतीकडं तोंड करून रडलेली जोया तिला आत्ता कळली. मग तिला हसू यायला लागलं, आणि ते थांबेना.

"काय झालं?" जोयानं घाबरून विचारलं.

"काय न्हाय. मला तुझा राग आला."

जोयाही हसायला लागली, एवढी की शालोमचं तोंड सुटलं आणि तो परत रडायला लागला.

हसणं ऐकून शमशाद आणि आई दोघी हातात ताटं घेऊनच दारात आल्या. आईनं पदराखालचे पाय ओळखले.

"पाजलं व्हय?" शमशाद म्हणाली. "बरं झालं. एका बाजूचं नातं अर्धवटच राहिलं असतं."

"ते असू दे," आई म्हणाली. "पोरींनो, उठा आता, जेवा. दोघींच्या पोटात सकाळपासनं काय न्हाय. आनी ह्या शमशादबाई म्हणत्यात तांबड्यात खोबरं कमी पडलंय. राजवर्धनच्या कानावर जाऊ देऊ नगा, न्हायतर तो पातेलं घेऊन दसरा चौकात लोकास्नी चाखवाय जाईल."

एस्तेरनं खाटेवर झोपलेल्या इनायाला छातीशी घेतलं, जोयानं शालोमला, आणि दोघी बाहेर पंगतीत जाऊन बसल्या.